दगड कोणावर पडतात?

विंडसरच्या राजसंग्रहात लिओनार्दो दा विंचीची साडेपाचशेच्या आसपास रेखाटनं आहेत. त्यांतलं एक १५०३-०४ च्या सुमाराचं, शाईने काढलेलं, जेमतेम अर्धा मीटर रुंदीचं. वेढा पडलेला एक किल्ला. चार उखळी तोफा ओळीने मांडलेल्या, तोंडं आकाशाकडे. प्रत्येक तोफेतून दगडांचा फवारा वर चढतो, कमानीसारखा वळतो आणि तट ओलांडून आतल्या पटांगणात उतरतो. चारही फवारे मिळून पटांगण जवळजवळ भरून टाकतात. रेषा इतक्या नितळ आणि इतक्या मोजून टाकलेल्या आहेत, की क्षणभर हा बागेतल्या कारंज्यांचा आराखडा वाटावा.

या कागदाचं कौतुक अभ्यासक करतात ते मुख्यतः दगडांच्या वाटेसाठी. फेकलेली वस्तू आधी सरळ रेषेत जाते आणि अंगातला जोर संपला की खाली कोसळते, असं त्या काळचे विद्वान मानत. लिओनार्दोने पाण्याच्या धारा तासन् तास निरखल्या होत्या. म्हणून त्याच्या दगडांना पोथीतली वाट मिळाली नाही, डोळ्यांनी पाहिलेली वाट मिळाली. ही वाट अन्वस्ताची असते हे गॅलिलिओने गणिताने मांडून छापलं ते १६३८ साली. म्हणजे हा हात विज्ञानाच्या सव्वाशेहून अधिक वर्षं पुढे होता. हे कौतुक खरंच आहे, त्यात मला काही कमी करायचं नाही.

पण या चित्रात एक साधी गोष्ट आहे आणि तिच्यावर कोणी फार थांबत नाही. बारीक दगडांनी तट पडत नाही. तट पाडायचा तर लांब नळीची तोफ लागते, लोखंडी गोळा लागतो, आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा मारा करून खिंडार पाडावं लागतं. उखळी तोफेचं काम वेगळं. ती तटाशी भांडतच नाही, त्याला ओलांडून जाते. तिच्यातून उडालेले मुठीएवढे दगड बुरुजाच्या चिऱ्याला ओरखडासुद्धा काढणार नाहीत. ते फुटतील ते माणसाच्या डोक्यावर, घोड्याच्या पाठीवर. किल्ल्याच्या पटांगणात वेढ्याच्या दिवसांत कोण असतं? शिबंदीचे लोक असतात, पाणक्ये आणि स्वयंपाकी असतात, जनावरं असतात, आणि सैन्य येतंय असं कळल्यावर गाव सोडून तटाच्या आसऱ्याला आलेली बायकामुलं असतात. तटाने त्यांना वाचवायचं, ही किल्ल्याची मूळ कल्पना. लिओनार्दोच्या रेखाटनातला एकूण एक दगड या कल्पनेविरुद्ध फेकलेला आहे.

चित्रात एकही चेहरा नाही. चित्राचा सगळा हिशेब मात्र त्या चेहऱ्यांवरच उभा आहे. पटांगण ही व्यापायची जागा. तिचा कुठलाही कोपरा कोरडा राहता कामा नये. म्हणून तोफा इतक्या अंतरावर, इतक्या कोनात. हा विचार करायचा तर पटांगणाला आधी रिकामं करावं लागतं. माणसं दिसू लागली की क्षेत्रफळ दिसत नाही.

म्हणून मला असं वाटतं, की या चित्राकडे युद्धाची नोंद म्हणून पाहणं चूक आहे. ते युद्धाचं अवजार आहे. तोफ हे जसं अवजार, तसाच हा कागद. त्याचं सौंदर्य म्हणजे अवजाराला वरून चढवलेली नक्षी नव्हे, ते त्याच्या कामाचाच भाग आहे. पाहणाऱ्याच्या मनात भीती न उठता पटण्याचा आनंद उठतो, हेच तर त्याला साधायचं होतं. आणि अवजार घडवणाऱ्याला आपण जो प्रश्न विचारतो, तो या चित्रकारालाही विचारला पाहिजे. लिओनार्दो मोठा आहे म्हणून त्याला यातून सूट देणं मला त्याच्या मोठेपणाचाच अपमान वाटतो.

हा विचार त्याच्या डोक्यात एकाएकी आला नव्हता. १४८२ च्या सुमारास मिलानच्या लुदोविको स्फोर्झाकडे नोकरी मागताना त्याने एक पत्र तयार केलं, त्याचा मसुदा मिलानच्या अंब्रोझियाना ग्रंथालयातल्या ‘कोडेक्स अटलांटिकस’मध्ये आहे. आपल्याला काय काय येतं याची ती यादी. हलवता येण्यासारखे पूल, खंदकातलं पाणी उपसण्याच्या युक्त्या, सुरुंग, झाकलेले रथ. चित्रकला यादीच्या अगदी शेवटी, शांततेच्या काळातलं काम म्हणून. आणि त्यात उखळी तोफाही आहेत: वाहून न्यायला सोप्या, गारपिटीसारखे बारीक दगड फेकणाऱ्या, आणि धुराने शत्रूच्या मनात दहशत बसवणाऱ्या. विंडसरचं रेखाटन काढलं तेव्हा या कल्पनेला वीसेक वर्षं झाली होती. ती अधिक नेमकी झाली होती, आणि पत्रात स्पष्ट शब्दांत असलेली दहशत कागदावरून पुसली गेली होती.

मधल्या वर्षांत इटलीचं सगळं चित्र पालटलं होतं. १४९४ च्या सप्टेंबरात फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स आल्प्स उतरून आला. त्याच्याबरोबरच्या कांस्याच्या तोफा घोडे ओढत होते, त्या सैन्याच्या चालीने चालत होत्या आणि लोखंडी गोळे टाकत होत्या. उंच, सरळ, पातळ तटांचे जुने किल्ले या माऱ्यापुढे टिकले नाहीत. नेपल्सच्या सरहद्दीवरचा मोंते सान जोव्हान्नीचा किल्ला पूर्वी वर्षानुवर्षं वेढा सोसलेला म्हणून ख्यात होता. १४९५ च्या फेब्रुवारीत तो काही तासांत पडला, आणि आतल्या लोकांची कत्तल झाली. ही बातमी पुढच्या प्रत्येक गावात तोफांच्या आधी पोचत होती.

लिओनार्दोच्या आयुष्याला या स्वारीचा एक फटका थेट बसला. लुदोविकोच्या वडिलांचा अश्वारूढ पुतळा तो वर्षानुवर्षं घडवत होता. घोड्याची सुमारे सात मीटर उंच मातीची प्रतिकृती तयार झाली होती, ओतकामासाठी कांसं साठवलं होतं. १४९४ च्या नोव्हेंबरात ते सगळं कांसं लुदोविकोने फेर्राराला, आपल्या सासऱ्याकडे पाठवून दिलं, तोफा ओतायला. पाच वर्षांनी फ्रेंच सैन्य मिलानमध्ये शिरलं तेव्हा त्यांच्या तिरंदाजांनी मातीच्या त्या घोड्यावर नेमबाजीचा सराव केला. या कथेत लिओनार्दोकडे आपण नेहमी पाहतो ते युद्धाने लुटलेला कलावंत म्हणून. तो तसा होताही. पण तोच माणूस काही वर्षांत, आपला घोडा खाऊन टाकणाऱ्या याच धातूची तोंडं कुठे वळवायची याचे आराखडे काढत होता. या दोन गोष्टी एकाच चरित्रात शेजारी शेजारी आहेत. एकीने दुसरी झाकू नये.

१५०२ च्या ऑगस्टमध्ये चेझारे बोर्जाने त्याला परवाना दिला: माझ्या मुलखातले सगळे किल्ले पाहा, तपासा, जिथे जे सुधारायचं ते सांगा. बोर्जा हा पोपचा मुलगा, मध्य इटलीतली एकेक नगरी गिळत चाललेला. त्या हिवाळ्याच्या तोंडावर इमोला या गावात बोर्जा होता, फ्लोरेन्सचा वकील म्हणून आलेला मॅकियाव्हेली होता, आणि लिओनार्दोही होता. लिओनार्दोने काढलेला इमोलाचा नकाशा आज विंडसरलाच आहे. गाव बरोब्बर डोक्यावरून पाहिलेलं, वर्तुळात बसवलेलं, दिशांच्या रेषांनी विभागलेलं. त्याआधीचे शहरांचे नकाशे हे बहुधा डोंगरावरून पाहिल्यासारखी दृश्यं असत, घरांच्या भिंती दिसत. इथे फक्त छपरांचे आणि गल्ल्यांचे आकार आहेत. ज्या जागेवरून हे गाव असं दिसेल त्या जागी त्या काळी माणूस उभाच राहू शकत नव्हता. ही नजर पावलांनी अंतरं मोजून, कोन घेऊन, गणिताने तयार केलेली आहे.

वेढ्याच्या रेखाटनातही हीच नजर थोडी तिरपी होऊन आली आहे. वेढ्यातल्या खऱ्या माणसांपैकी कोणालाही किल्ला असा दिसत नसे. बाहेरच्या गोलंदाजाला समोरचा तट दिसे, आतलं पटांगण नाही. आतल्या माणसाला पटांगण दिसे, तोफा नाहीत. दगड आकाशातून येताना दिसे तेवढाच. आत आणि बाहेर एकदम पाहणारा या दोघांतला कोणीच नव्हता. या नजरेनेच उखळी तोफेला अर्थ दिला, कारण न दिसणाऱ्या जागी नेम धरायचा तर ती जागा आधी कोणीतरी कागदावर दाखवावी लागते. पुढे शतकांनी विमान आलं, उपग्रह आले. यंत्रं नंतरची आहेत. ही नजर आधीची आहे, आणि ती एका कलावंताच्या हातून आली.

कोणी म्हणेल, की माणूस काढणं हा या कागदाचा विषयच नव्हता, अभियंत्याच्या आराखड्यात माणसं कशाला? हे म्हणणं मी मान्य केलं असतं, जर लिओनार्दो फक्त अभियंता असता. पण १५०३ मध्येच फ्लोरेन्सच्या सरकारने त्याला सभागृहाच्या भिंतीवर आंगियारीची लढाई रंगवायला सांगितली. त्या चित्रासाठी त्याने काढलेले चेहरे बुडापेस्टच्या संग्रहालयात आहेत: तोंड फाटेस्तोवर ओरडणारे, डोळ्यांत क्रोध आणि भय एकत्र झालेले. त्याच्याही दहाएक वर्षं आधी, लढाई कशी रंगवावी यावर त्याने चित्रकारांसाठी टिपण लिहिलं होतं. त्यात धूळ आणि धूर हवेत कसे मिसळतात ते आहे, पडलेल्या माणसाचं रक्त चिखलात कसं वाहतं ते आहे, मरणाऱ्याचे दात कसे आवळले जातात तेही आहे. युद्धाला त्याने अत्यंत पाशवी वेडेपणा म्हटलं होतं. तेव्हा आत काय घडणार आहे हे त्याला दिसत नव्हतं, असं म्हणायची सोय उरत नाही. त्याच वर्षांत, त्याच हाताने, एका कागदावर चेहरे काढले आणि दुसऱ्या कागदावर ते गाळले. भिंतीवरचं चित्र लोकांनी पाहायचं होतं. आराखडा आज्ञा देणाऱ्याने पाहायचा होता. कोणाला काय दाखवायचं हे त्याला कळत होतं.

लिओनार्दोच्या बाजूने दोन युक्तिवाद नेहमी केले जातात. पहिला असा, की हे सगळे नुसते कागद आहेत, यांतलं फारसं काही कधी बांधलंच गेलं नाही. त्याचे राक्षसी धनुष्यबाण, कोयत्यांचे रथ, सगळं वहीतच राहिलं. हे बरंचसं खरं आहे. पण कागदाचं सामर्थ्य तोफ ओतली गेली की नाही यावर मोजायचं नसतं. तोफ एका जागी असते. आराखडा गलबतात बसतो.

याचा पुरावा आपल्या कोकण किनाऱ्यावर उभा आहे. १४९४ च्या धक्क्यानंतर इटलीतल्या अभियंत्यांनी किल्ल्याचा आकारच नव्याने शोधला. तट ठेंगणे आणि जाड झाले, गोल बुरुजांच्या जागी बाणाच्या टोकासारखे कोनदार बुरुज आले. गोल बुरुजाच्या पायथ्याशी एक आंधळी जागा राहते, तिथे पोचलेल्या शत्रूला वरून मारता येत नाही. कोनदार बुरुजाला ती जागा नसते. शेजारच्या बुरुजावरची तोफ त्याच्या अंगाला घासून मारा करते. कागदावर रेषा ओढून पाहिल्याशिवाय ही रचना सुचणं शक्य नाही. ती बांधकामाच्या आधी भूमितीच आहे. पोर्तुगीजांनी ही भूमिती आशियात आणली. जोव्हान्नी बात्तिस्ता कायराती हा मिलानचा अभियंता १५८३ मध्ये त्यांच्या हिंदुस्थानातल्या मुलखाचा मुख्य अभियंता झाला, मोंबासाचा फोर्ट जीझस त्याने आखला, आणि १५९६ साली तो गोव्यात वारला. वसईच्या किल्ल्याचे दहा बुरुज याच घराण्यातले. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला तेव्हा सॅन सेबास्टियन बुरुजाखाली सुरुंग उडवून मराठ्यांना वाट काढावी लागली. मे महिन्यात किल्ला हाती आला, पण त्याआधी तटाखाली माणसांचा खच पडला होता. वसईच्या वेढ्याच्या आपल्या कथांत चिमाजी अप्पांची जिद्द असते, आणि ती असायलाच हवी. पण मावळ आणि कोकणातून आलेली ती माणसं ज्या तिरप्या माऱ्यात सापडली, त्याच्या रेषा सव्वादोनशे वर्षं आधीच इटलीतल्या टेबलांवर ओढल्या गेल्या होत्या. रेषा ओढणाऱ्यांना वसई नावाचं गाव माहीत नव्हतं. ‘नुसता कागद’ म्हणताना मला हा किल्ला आठवतो.

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. लिओनार्दो त्याच्या काळाचा माणूस होता. राजेरजवाड्यांच्या आश्रयाने जगणाऱ्या कलावंताला युद्धाचं काम टाळता येत नसे. आपल्या काळातली नीती त्याच्यावर लादू नये. लादू नयेच. आपण त्याच्या काळातलीच नीती घेऊ. किंबहुना त्याची स्वतःचीच घेऊ. ‘कोडेक्स लेस्टर’ या वहीत तो सांगतो, की पाण्याखाली बराच वेळ राहण्याची युक्ती आपल्याला ठाऊक आहे, पण ती आपण उघड करणार नाही. कारण माणसाचा स्वभाव दुष्ट आहे; लोक समुद्राच्या तळाशी जाऊन जहाजांची बूडं फोडतील आणि आतल्या माणसांसकट ती बुडवतील. म्हणजे आपल्या बुद्धीतून आलेली गोष्ट दुसऱ्याच्या हातात गेल्यावर काय होईल, याचा विचार त्याने केला होता, आणि एका जागी तो थांबलाही होता. ज्याला थांबता येतं त्याच्याविषयी ‘त्याला पर्याय नव्हता’ असं म्हणता येत नाही. जहाजातल्या माणसांसाठी त्याने हात आखडता घेतला, आणि पटांगणातल्या माणसांसाठी घेतला नाही.

त्याच पिढीच्या शेवटी निकोलो तार्ताल्याची गोष्ट येते, आणि माझ्या दृष्टीने ती या सगळ्या विषयाचं काळीज आहे. १५१२ च्या फेब्रुवारीत गास्तों द फ्वाच्या फ्रेंच सैन्याने उत्तर इटलीतलं ब्रेशा हे शहर घेतलं आणि लुटलं. बाराएक वर्षांचा निकोलो आईबरोबर आणि बहिणीबरोबर मोठ्या चर्चमध्ये लपला होता. बाप आधीच गेलेला. सैनिक चर्चमध्येही घुसले. एकाने या मुलाच्या डोक्यावर आणि तोंडावर वार केले, जबडा आणि टाळू फाटली. वैद्याला द्यायला आईजवळ पैसे नव्हते. कुत्रं जखम चाटून स्वच्छ ठेवतं हे आठवून तिने त्याच्या जखमा नुसत्या स्वच्छ ठेवल्या, आणि पोरगा जगला. बोलणं मात्र अडखळत राहिलं. ‘तार्ताल्या’ म्हणजे तोतरा. लोकांनी चिडवून दिलेलं हे नाव त्याने स्वतःच आडनाव म्हणून घेतलं. ही सगळी हकिगत त्याने १५४६ मध्ये छापलेल्या आपल्या पुस्तकात सांगितली आहे.

लिओनार्दोच्या रिकाम्या पटांगणातून उठून एक मुलगा बाहेर आला असता तर तो हा असता. आणि तो पुढे काय झाला? गणिती झाला. १५३१ मध्ये व्हेरोनातल्या एका ओळखीच्या गोलंदाजाने त्याला विचारलं, की तोफेचं तोंड किती उचललं म्हणजे गोळा सगळ्यात लांब जाईल? तार्ताल्याने उत्तर शोधलं: पंचेचाळीस अंश. त्यातून तोफगोळ्याच्या गतीचं पहिलं शास्त्र उभं राहिलं. पण मध्येच त्याला त्या कामाची लाज वाटली. आपल्यासारख्याच माणसांचा नाश अधिक नेमका करण्याची विद्या शोधणं हे निंद्य आणि क्रूर आहे, असं वाटून त्याने टिपणं जाळून टाकली. त्यानंतर सुलतान सुलेमानच्या स्वारीचं सावट इटलीवर पडलं, तेव्हा त्याने मन बदललं, सगळं पुन्हा लिहिलं आणि १५३७ मध्ये ग्रंथ छापला. हे सगळं त्याने ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेतच लिहून ठेवलं आहे.

तार्ताल्या शेवटी छापतो, म्हणून तो लिओनार्दोपेक्षा श्रेष्ठ, असं मी म्हणत नाही. त्याच्या गणिताने पुढे कितीतरी पटांगणांत दगड आणि गोळे पाडले असतील. फरक आहे तो इतकाच, की त्याने हिशेबाच्या कागदावर आपली शरम नोंदवली. वाचणाऱ्याला कळतं, की हा कोन काढणाऱ्याला कोनाच्या दुसऱ्या टोकाला काय असतं ते माहीत आहे. त्याच्या जबड्यावर त्याची खूण होती. आणि ‘त्या काळात असा प्रश्न कोणाला पडतच नव्हता’ हा बचाव त्या एका अर्पणपत्रिकेने कायमचा निकालात काढला.

रक्षणासाठी काढलेल्या रेषा तरी निर्दोष असतात का? लोक सहसा तसं धरून चालतात. न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूररने १५२७ मध्ये तटबंदीवर ग्रंथ छापला, त्याच वर्षी किल्ल्याच्या वेढ्याचं एक भलंमोठं काष्ठचित्र काढलं, आणि राजाला सांगितलं, की हे बांधकाम काढलं तर भिकेवर जगणाऱ्या गरिबांना मजुरी मिळेल. तटासाठी तिजोरी उघडायला यापेक्षा सज्जन कारण मिळणार नाही. पण माझ्या मनात अधिक खोल घर करून आहेत ती मायकेलअँजेलोची रेखाटनं. १५२७ मध्ये फ्लोरेन्सने मेदिची घराण्याला हाकलून पुन्हा प्रजासत्ताक उभं केलं. ते चिरडायला पोप सातवा क्लेमेंट, जो स्वतः मेदिची होता, आणि सम्राट पाचवा चार्ल्स एकत्र आले. १५२९ च्या एप्रिलमध्ये शहराने तटबंदीचं सगळं काम मायकेलअँजेलोवर सोपवलं. त्या वेळचे वीसेक कागद फ्लोरेन्सच्या कासा बुओनार्रोतीमध्ये आहेत. बुरुज कसले, नांग्या उगारलेले खेकडे वाटतात. भिंती वळतात, फाकतात, आत घेतात, आणि प्रत्येक झरोक्यातून माऱ्याच्या रेषा सपासप बाहेर सुटतात. इमारतीचं इतकं जिवंत चित्र मी दुसरं पाहिलेलं नाही. आणि हे काम न्यायाच्या बाजूचं होतं, असं मी मनापासून मानतो. एक स्वतंत्र शहर आपलं स्वातंत्र्य राखत होतं.

तरीही त्या रेषा जिथून धावतात तो कागदाचा पांढरा भाग पाहा. मारा करायचा तर समोरचं मैदान मोकळं लागतं. फ्लोरेन्सच्या तटाबाहेर मैदान नव्हतंच. वाड्या होत्या, मठ होते, द्राक्षमळे आणि ऑलिव्हच्या बागा होत्या. वेढा पडण्याआधी फ्लोरेन्सकरांनी हे सगळं आपल्याच हातांनी पाडलं, तोडलं, जाळलं. कागदावरचा पांढरा भाग प्रत्यक्षात असा तयार झाला. या पाडापाडीतली एक हकिगत वार्की या इतिहासकाराने लिहून ठेवली आहे. पाडणारी टोळी सान साल्वीच्या मठापर्यंत पोचली. चर्चचा आणि घंटाघराचा भाग त्यांनी पाडला, भोजनगृहाची भिंत पाडायला आले, आणि समोर आंद्रेआ देल सार्तोचं ‘अखेरचं भोजन’ दिसलं. टोळी थबकली. भिंत राहिली. ती आजही आहे. त्या भिंतीवर तेरा माणसं जेवायला बसलेली आहेत, प्रत्येकाला चेहरा आहे. मायकेलअँजेलोच्या कागदावर मैदान रिकामं होतं म्हणून पहारी चालल्या, आणि देल सार्तोच्या भिंतीवर माणसं होती म्हणून त्या थांबल्या. रेखाटनात काय गाळलं जातं याला मी इतकं महत्त्व देतो ते यासाठी.

मायकेलअँजेलोने या वेढ्यात प्रत्येक वेळी धैर्य दाखवलं असं नाही. १५२९ च्या सप्टेंबरात विश्वासघाताच्या भीतीने तो शहर सोडून व्हेनिसला पळाला, आणि नोव्हेंबरात परत येऊन पुन्हा कामाला लागला. सान मिनियातोच्या टेकडीवर त्याने मातीचे मोर्चे उभारले, तिथल्या घंटाघराला लोकरीचे गठ्ठे आणि गाद्या बांधून तोफांपासून राखलं. उपासमार आणि रोगराई सोसून १२ ऑगस्ट १५३० रोजी शहर शरण गेलं. मेदिची परत आले. मायकेलअँजेलो काही काळ लपून राहिला, मग क्लेमेंटने त्याला माफ केलं आणि मेदिचींच्याच थडग्यांच्या कामाला पुन्हा लावलं. ते त्याने केलं.

नंतर ड्यूक झालेल्या अलेस्सांद्रो मेदिचीला शहराच्या कडेला एक बालेकिल्ला हवा होता. बाहेरच्या शत्रूपेक्षा त्याला भीती होती ती फ्लोरेन्सकरांची. जागा कुठे निवडावी हे ठरवायला ड्यूकने मायकेलअँजेलोला घोड्यावरून बरोबर येण्याचा निरोप धाडला. मायकेलअँजेलो गेला नाही. पोपची तशी आज्ञा आपल्याला नाही, असं त्याने उत्तर दिलं. कोंदिवी या त्याच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रात हे आहे. ड्यूक या नकाराने फार चिडला. ज्या माणसाला कोनदार बुरुज कुठे ठेवला की कोणता रस्ता माऱ्यात येतो हे इटलीतल्या कोणाहीपेक्षा चांगलं कळत होतं, त्याने ते ज्ञान त्या शहराच्या रस्त्यांवर वापरायचं नाकारलं. १५३४ च्या जुलैत किल्ल्याचा पाया घातला गेला, आराखडा धाकट्या आंतोनियो दा सांगाल्लोने केला. त्याची त्या किल्ल्याची रेखाटनं उफ्फिझीच्या संग्रहात आहेत आणि ती उत्तम आहेत. त्याच वर्षी सप्टेंबरात मायकेलअँजेलो रोमला गेला, आणि उरलेल्या तीस वर्षांत फ्लोरेन्सला परतला नाही. त्या किल्ल्यासाठी त्याने काढलेला एकही कागद कुठल्याच संग्रहात नाही, आणि त्याच्या कामांची यादी मी करायला बसलो तर हा न काढलेला आराखडा तीत धरीन.